जबडा आणि मान : नातं खरं, पण कसलं?

डिसेंबर २०२३मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात जबड्याच्या सांध्याच्या जुनाट दुखण्यावरच्या उपचारांची मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली. बऱ्याच दंतवैद्यांना ती रुचली नसणार. रात्री दातांवर चढवायचं कवच, ज्याला दवाखान्यात ‘स्प्लिंट’ किंवा ‘नाइट गार्ड’ म्हणतात आणि जबडा दुखतो म्हटल्यावर रुग्णाच्या हाती जे बहुधा सगळ्यात आधी पडतं, ते शक्यतो देऊ नये असं तिथे म्हटलं आहे. बोटॉक्सची इंजेक्शनं, सांध्यात सोडलेलं स्टेरॉइड, लेझर यांनाही तोच शेरा. ठाम शिफारस मिळाली ती मोजक्याच उपायांना. विचार आणि सवयी बदलणारे मानसोपचार, थेरपिस्टने हाताने सांधा सैल करणं, स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी दाबून मोकळ्या करणं, देखरेखीखाली जबड्याचे व्यायाम, आणि नीट समजावून सांगून घरी करायला दिलेले व्यायाम. त्यांच्याच पंक्तीत आणखी एक उपाय बसला आहे : बसण्या-उभं राहण्याच्या ढबीचे, म्हणजे मुख्यतः मान, खांदे आणि पाठीचे व्यायाम.

दुखणं जबड्याचं आणि व्यायाम मानेचा, हे कसं झालं याचा हा आढावा.

ज्यांचा जबडा दुखतो त्यांची मानही पुष्कळदा दुखते, हे दवाखान्यात बसणाऱ्या कुणालाही नवं नाही. आयुर्वेदाच्या ग्रंथांनी हनुग्रह आणि मन्यास्तंभ, म्हणजे जबड्याचं धरणं आणि मानेचं धरणं, दोन्ही वातव्याधींतच मोजले. आधुनिक वैद्यकाने मात्र शरीराची वाटणी करताना तोंड दंतवैद्यांकडे दिलं, कान दुसऱ्याकडे आणि मणका तिसऱ्याकडे. त्यामुळे आपल्याकडचा रुग्णही याच क्रमाने फिरतो. कान दुखतो म्हणून कान-नाक-घसावाल्यांकडे, तिथे कान ठीक निघाला की दाढ दाखवायला, आणि शेवटी मानेचा एक्स-रे. त्यात मणक्यांची थोडीफार झीज दिसते, ‘स्पॉन्डिलोसिस’ असा शेरा पडतो आणि गळ्यात पट्टा येतो. तशी झीज चाळिशी ओलांडलेल्या, काहीही न दुखणाऱ्या पुष्कळ माणसांच्या एक्स-रेतही दिसते, ही गोष्ट रुग्णाला सहसा सांगितली जात नाही.

सांधा आधी पाहू. कानाच्या छिद्राच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंड उघडलं की तो हलताना जाणवतो. खालच्या जबड्याचं गोलसर टोक कवटीच्या खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये तंतुमय कूर्चेची एक चकती असते. तोंड उघडताना हे टोक आधी जागच्या जागी फिरतं, मग चकतीसह पुढे घसरतं. चकती जागेवरून सरकली तर खटका ऐकू येतो. खटका वाजतो पण दुखत नाही आणि तोंड पूर्ण उघडतं, अशा माणसाला उपचाराची गरज नसते. शिवाय डावा आणि उजवा असे दोन्ही सांधे एकाच हाडाला जोडलेले असल्याने एकटा कुणीच हलू शकत नाही. २०१४पासून जगभर वापरात असलेले निदानाचे निकष स्नायूंचं दुखणं, सांध्याचं दुखणं आणि चकतीचे बिघाड वेगवेगळे मोजतात. दवाखान्यात सर्वाधिक दिसतं ते स्नायूंचं दुखणं. मानेशी ज्याचं नातं सगळ्यात घट्ट आहे, तेही हेच.

या विकाराचा आधुनिक इतिहास एका चुकीच्या पण फार टिकाऊ कल्पनेने सुरू होतो. १९३४मध्ये सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी ११ रुग्णांची हकिगत लिहिली. मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, त्याचं टोक मागे सरकून कानाजवळच्या नसा दाबतं आणि त्यातून कानदुखी, डोकेदुखी, चक्कर उद्भवते, असं त्यांचं म्हणणं होतं. हॅरी सिचर या शरीररचनातज्ज्ञाने १९४०च्या दशकातच दाखवून दिलं की हाडांची आणि नसांची मांडणी पाहता असा दाब पडूच शकत नाही. पण तोवर ‘कॉस्टन सिंड्रोम’ रूढ झालं होतं आणि दोष दातांच्या बैठकीत आहे ही समजूत पक्की झाली होती. दात घासून, टोप्या चढवून, तारा लावून चावा दुरुस्त करण्याचा मोठा उद्योग त्यावर उभा राहिला. १९५०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये लाझलो श्वार्ट्झ यांनी लक्ष स्नायूंकडे वळवलं. १९६९मध्ये डॅनिएल लास्किन यांनी ताण आणि दात आवळण्याची सवय मध्यभागी आणली. चावा मात्र मागे पडला नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेत सांध्यातली चकती काढून तिथे प्रोप्लास्ट-टेफ्लॉनचे कृत्रिम तुकडे बसवण्याची लाट आली. ते झिजले, त्यांच्या कणांनी आसपासचं हाड खाल्लं आणि १९९०च्या सुमारास ते परत मागवावे लागले. रुग्णांचं दुखणं आधीपेक्षा वाढलेलं होतं. या विषयातला कुठलाही साधा-सरळ यांत्रिक सिद्धान्त जरा लांबूनच पाहावा, हा माझा कल त्या इतिहासातून आला आहे. मानेचा सिद्धान्तही त्याला अपवाद नाही.

आता नसा. या साऱ्या प्रकरणातला सगळ्यात भक्कम पुरावा इथे आहे. चेहरा, दात, जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांची संवेदना ट्रायजेमिनल या पाचव्या मज्जातंतूतून मेंदूकडे जाते. वेदनेचे तंतू मेंदूच्या देठात शिरल्यावर वर न जाता आधी खाली उतरतात आणि थेट मज्जारज्जूच्या वरच्या भागात, दुसऱ्या-तिसऱ्या मानेच्या नसेच्या पातळीपर्यंत पोचतात. मानेच्या पहिल्या तीन नसांचे वेदनातंतूही तिथेच येतात, आणि दोन्हीकडचे निरोप पुष्कळदा एकाच चेतापेशीवर उतरतात. चाळीतल्या दोन खोल्यांना मिळून एकच वीजमीटर असावा, तसं हे आहे. बिल येतं, पण कुणी किती जाळली ते मीटर सांगत नाही. केर आणि ओलाफसन यांनी १९६१मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांत हा संगम दाखवला. पुढे बार्ट्श आणि गोड्सबी यांनी उंदरांमध्ये डोक्याच्या मागच्या बाजूची नस उद्दीपित केली, तेव्हा मेंदूच्या आवरणाकडून निरोप घेणाऱ्या पेशी अधिक हळव्या झालेल्या दिसल्या.

टोरोंटोत बॅरी सेसल आणि जेम्स हू यांच्या गटाने १९९३मध्ये याहून पुढचा प्रश्न विचारला. उंदरांच्या मानेतल्या खोल ऊतींत त्यांनी मोहरीचं झोंबणारं तेल टोचलं आणि स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. मानेचे स्नायू तर ताठरलेच, जबड्याचेही ताठरले. म्हणजे मानेतली जळजळ जबड्यात नुसती ‘भासत’ नाही. ती जबड्याच्या स्नायूंना खरोखर कामाला लावते. प्राण्यांवरचा तात्पुरता प्रयोग आणि माणसाचं वर्षानुवर्षांचं दुखणं यांत बरंच अंतर आहे हे खरं. तरी मानेवर उपचार करून जबड्याला आराम पडण्यामागे काही शरीरशास्त्र आहे, निव्वळ श्रद्धा नाही, एवढं त्यातून नक्की होतं.

दवाखान्यातला अनुभवही हेच सांगतो. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स यांच्या १९८३च्या ग्रंथात स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींचे नकाशे आहेत. खांद्यावरच्या ट्रॅपिझियस स्नायूची गाठ दाबली की कळ मानेच्या कडेने कानशिलापर्यंत चढते. कानामागून गळपट्टीच्या हाडाकडे उतरणारा मानेचा जाड स्नायू कानात, कपाळावर, गालावर कळ पाठवतो. या गाठी नक्की काय आहेत यावर वाद अजून चालू आहे आणि दोन तपासनीसांना त्या एकाच जागी सापडतील याची खात्री नसते. पण कळ उगम सोडून दुसरीकडे उमटते, याबद्दल कुणाचं दुमत नाही.

नसांइतकाच महत्त्वाचा, पण कमी चर्चिला गेलेला भाग हालचालीचा. स्वीडनमधल्या उमिओ विद्यापीठात पेर-ओलोफ एरिक्सन, हमायून झफर आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीस निरोगी माणसांच्या जबड्याची आणि डोक्याची हालचाल एकाच वेळी टिपली. तोंड उघडताना डोकं दर वेळी थोडं मागे जातं. इतकंच नव्हे, पुष्कळदा ते जबड्याबरोबर किंवा त्याच्याही किंचित आधी निघतं. म्हणजे ‘तोंड उघड’ ही आज्ञा मेंदू जबडा आणि मान दोघांना मिळून देतो. २००६मध्ये याच गटाने डोकं हलू नये असं घट्ट धरून पाहिलं, तर तोंड उघडण्याची क्षमताच घटली. पडताळा घ्यायला प्रयोगशाळा नको. जाडजूड वडापावचा पहिला घास घेणाऱ्याकडे बाजूने पाहा. डोकं मागे गेल्याखेरीज तो घास घेता येत नाही. किंवा छताकडे पाहून दात हलकेच टेकवा, मग हनुवटी छातीकडे नेऊन टेकवा. दात दोन्ही वेळा एकाच जागी भेटत नाहीत. मान आखडलेल्या माणसाला जांभई किंवा मोठा घास जड जातो त्यामागे हे संयुक्त काम आहे.

इथवरचा पुरावा मला पटतो. घसरण सुरू होते ती ढबीपाशी. मान पुढे काढून बसलं की गळ्यातले स्नायू जबड्याला मागे ओढतात, सांध्यावर दाब येतो आणि विकार जडतो, ही साखळी व्यायामाच्या वर्गांत आणि मोबाइलवरच्या चित्रफितींत अगदी सिद्ध सत्य म्हणून सांगितली जाते. मोजमापं तिला साथ देत नाहीत. ॲमस्टरडॅमच्या कोरीन व्हिसर आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये २५० जणांच्या डोक्याची ठेवण बाजूने काढलेल्या छायाचित्रांवर आणि एक्स-रेवर मोजली. जबडा दुखणारे आणि न दुखणारे यांत फरक सापडला नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या सुसान आर्मिहो-ओलिव्हो यांना एका कोनात फरक मिळाला, तोही ३.३ अंशांचा. संख्याशास्त्रात तो बसला, पण उपचारासाठी त्याला अर्थ नाही, असं त्यांनी स्वतःच लिहिलं. मोबाइलवर वाकल्यावर मानेवर २७ किलोचा भार येतो, हा व्हॉट्सॲपवर फिरणारा आकडा २०१४मधल्या एका अमेरिकी शल्यविशारदाच्या संगणकीय गणितातला आहे. कुणाच्या मानेत तो मोजलेला नाही.

मग ढबीचे व्यायाम गुण का देतात? माझ्या मते ते ढब सुधारतात म्हणून नव्हे. मानेचे स्नायू जबडा दुखणाऱ्यांमध्ये लवकर थकतात, हे आर्मिहो-ओलिव्हो यांच्याच कामात दिसलं होतं. व्यायामाने ते सशक्त होतात, मान हलती राहते, हलवायची भीती जाते आणि सामायिक वेदनाकेंद्राकडे जाणारे निरोप कमी होतात. मान किती अंशांत आहे यापेक्षा ती किती वेळ एकाच जागी अडकून आहे, हे जास्त महत्त्वाचं दिसतं.

नातं किती घट्ट आहे यावर एक आकडा नेहमी पुढे केला जातो. २०१०मध्ये अल्बर्टातच १५४ जणांचा अभ्यास झाला. मानेमुळे रोजच्या कामात येणारी अडचण आणि जबड्यामुळे येणारी अडचण यांचा सहसंबंध ०.८२ निघाला, १ म्हणजे तंतोतंत जोडी. आकडा मोठा आहे, पण त्या १५४ जणांत निरोगी माणसंही होती आणि अशी मिसळ असली की सहसंबंध फुगतो. शिवाय सहसंबंध दिशा सांगत नाही. दिशेसाठी माणसांवर काळ लोटताना लक्ष ठेवावं लागतं. उमिओच्याच मार्कलंड, विसिंगर आणि वेनमन यांनी दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर ते ठेवलं. सुरुवातीला मान-पाठ दुखणाऱ्यांमध्ये पुढे जबड्याच्या तक्रारी जास्त उपजल्या, आणि सुरुवातीला जबड्याच्या तक्रारी असणाऱ्यांमध्ये पुढे मान-पाठीच्या. रस्ता दुहेरी निघाला.

त्याहून मोठं चित्र ‘ऑपेरा’ या अमेरिकी पाहणीने दिलं. २००६मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत जबड्याची तक्रार नसलेल्या २,७३७ जणांवर काही वर्षं नजर ठेवली गेली आणि २६० जणांना पहिल्यांदाच हा विकार झाला. तो कुणाला होईल हे सांगणाऱ्या खुणांत आघाडीवर होत्या शरीरात इतरत्र असलेली दुखणी, बारीकसारीक शारीरिक तक्रारींची संख्या आणि बिघडलेली झोप. काही जणांची वेदनायंत्रणाच तापट असते. त्यांची मान दुखते, जबडा दुखतो, डोकं दुखतं, पोटही बिघडतं. अशा माणसाबाबत मानेने जबडा बिघडवला की जबड्याने मान, हा वाद व्यर्थ आहे.

अपघाताचं प्रकरण याच गुंत्यातलं. मागून गाडी धडकली की मानेला झटका बसतो. उमिओतल्या साले आणि इसबर्ग यांनी २००७मध्ये अशा ६० जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला : वर्षभरात ३४ टक्क्यांना जबड्याच्या नव्या तक्रारी, तुलनेच्या गटात ७ टक्क्यांना. उलट लिथुआनियात, जिथे अपघातानंतर विम्याचा दावा लावायची पद्धत तेव्हा नव्हती, १९९९च्या अभ्यासात अपघातग्रस्तांना इतरांपेक्षा जबड्याचा त्रास जास्त आढळला नाही. विमा आणि अपेक्षा दुखण्याला आकार देतात असा एक अर्थ, तर तिथल्या लोकांनी तक्रार नोंदवलीच नाही असा दुसरा. मला स्वीडनचा पुरावा जड वाटतो, कारण तिथे त्याच माणसांचा वर्षभर पाठपुरावा झाला होता. झटक्यानंतर मानेबरोबर जबडाही तपासावा, एवढं तरी त्यातून निघतं.

उपचारांच्या चाचण्या लहान आहेत, पण एकाच दिशेला बोट दाखवतात. माद्रिदच्या ला तूश यांनी २००९मध्ये जबड्याचे स्नायू दुखणाऱ्या १९ रुग्णांच्या फक्त मानेवर उपचार केले. वेदना घटली, तोंड जास्त उघडू लागलं. तुलनेला दुसरा गट नव्हता, म्हणून तो केवळ इशारा मानायचा. ब्राझीलमध्ये २०१९ची चाचणी जास्त नेटकी होती : ६१ स्त्रियांपैकी ज्यांना मानेच्या वरच्या सांध्यांचे हातोपचार आणि खोल स्नायूंचे व्यायाम मिळाले त्यांची चेहऱ्याची वेदना आणि डोकेदुखीचा जाच कमी झाला. उलट दिशेने हॅरी फॉन पीकार्ट्झ यांनी २०११मध्ये मानेतून उठणारी डोकेदुखी असलेले ४३ रुग्ण घेतले, ज्यांना जबड्याचीही लक्षणं होती. ज्यांच्या जबड्यावरही उपचार झाले त्यांची डोकेदुखी जास्त उतरली आणि सहा महिन्यांनीही ती उतरलेलीच होती. नुसत्या मानेवरचा उपचार तिथे अपुरा पडला होता.

हे करणार कोण, हा आपल्याकडचा खरा प्रश्न. अमेरिकेत २०२०मध्ये चेहरा-जबड्याच्या वेदनेला दंतवैद्यकाची स्वतंत्र विशेष शाखा म्हणून मान्यता मिळाली. आपल्याकडे एमडीएसच्या शाखांत ती नाही. दंतवैद्य मानेला हात लावत नाहीत, आणि कित्येक फिजिओथेरपिस्टांना तोंडात हातमोजा घालून चावण्याचा स्नायू तपासायचं शिक्षण मिळालेलं नसतं. दोघांनी एका कागदावर एकमेकांना चार ओळी लिहिल्या तरी रुग्णाच्या निम्म्या फेऱ्या वाचतील.

मात्र प्रत्येक जबडादुखी या घरातली नसते. आपल्याकडे तोंड कमी उघडण्याचं एक फार मोठं कारण सुपारी आणि गुटखा आहे. २०१२पासून महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी असली तरी गालाचं आतलं अस्तर ताठर आणि पांढरट झालेले रुग्ण येतच असतात. तो कर्करोगाआधीचा टप्पा असू शकतो आणि तिथे मानेचे व्यायाम निरुपयोगी आहेत. उभी तीन बोटं तोंडात मावत नसतील आणि सुपारीची सवय असेल तर आधी तोंड आतून दाखवावं. चालताना किंवा जिना चढताना जबडा आणि मान भरून येत असेल, थांबल्यावर बरं वाटत असेल, तर ते हृदयाचं लक्षण असू शकतं; तिथे एक तासही दवडू नये. पन्नाशीनंतर चावताना जबडा थकणं, कानशील हुळहुळं होणं आणि नजर अंधुक होणं एकत्र आलं तर धमनीचा दाह असू शकतो आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाते. गिळताना किंवा मान वळवताना घशात टोचून कानात कळ जात असेल तर कानाखालचं टोकदार हाड लांब वाढलेलं असू शकतं; वॉट ईगल यांनी १९३७मध्ये हे दुखणं वर्णिलं. ताप, गालावर सूज, अलीकडचा मार, हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर घरगुती उपाय करत बसू नये.

हे काही नसेल, तर बहुतेकांचं दुखणं साध्या उपायांनी उतरतं. ओठ मिटलेले आणि दात सुटे, ही जबड्याची विश्रांतीची स्थिती. कामात असताना दात आवळले गेलेत का हे दिवसातून अनेकदा पाहावं. काही दिवस मऊ खावं, च्युइंगगम सोडावं, जांभई देताना हनुवटीला हाताचा आधार द्यावा, मान दोन्ही बाजूंना हळू फिरवत राहावी आणि झोपेकडे लक्ष द्यावं. मानेचा पट्टा दीर्घकाळ बांधू नये. आणि कुणी दात घासून चावा बदलायचा किंवा सांध्याची शस्त्रक्रिया करायचा सल्ला दिला, तर संमतिपत्रावर सही करण्याआधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, कारण घासलेला दात परत वाढत नाही.